पाटीवरच्या तीन ओळी

गेल्या वैशाखात आमच्या सदाशिव पेठेतील घराचा माळा साफ करावयास काढला, तेव्हा जुन्या पेट्या, फुटक्या समया आणि वाळवी लागलेले पाट यांच्या ढिगाखालून एक पत्र्याची पाटी निघाली. पाटी आमच्या आजोबांच्या वेळची. त्या काळी वाड्याच्या मागल्या चौकात ते विद्यार्थ्यांकरिता खाणावळ व परगावच्या पाहुण्यांकरिता चार खोल्या चालवीत असत. रंग उडाला होता, तथापि अक्षरे लागत होती. वर ठळक अक्षरांत ‘ब्राह्मणांकरिता भोजनाची व राहण्याची सोय’. त्याखाली ‘मद्य, मांस, मासे, अंडी येथे आणू नयेत’. आणि अगदी तळाशी, ‘अडचणीच्या दिवसांत स्त्रियांस खोली मिळणार नाही.’

योग असा की, त्याच चौकातील खोल्या दुरुस्त करून तेथे पुन्हा प्रवाशांची सोय करण्याचे आमच्या पुतण्याने त्याच सुमारास मनावर घेतले होते. नवी पाटी रंगवावयाची होतीच. त्यामुळे त्या दिवशी रात्रीची पाने वाढली गेली ती या तीन ओळींच्या चर्चेसह. पहिली व तिसरी ओळ जावी याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. वाद पेटला तो मधल्या ओळीवरून. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “एवढी एक ओळ तरी राहू द्या. ज्या चौकात तुळशीवृंदावन आहे तेथे बाटल्या फुटलेल्या मला पाहवणार नाहीत.” पुतण्या म्हणाला, “काकू, पाहुणा पैसे देऊन राहणार. त्याने काय खावे हे सांगणारे आपण कोण?” आणि धाकट्या सूनबाई, ज्या स्वतः सारस्वत घरातून आल्या आहेत, त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझे आईवडील आले तर त्यांनाही ही पाटी दाखवायची का?” यावर काही वेळ कोणीच बोलले नाही.

असा वाद आज पुष्कळ घरांत होत असेल. कोणी खोल्या भाड्याने देतो, कोणी मंगल कार्यालय चालवितो, कोणी स्पर्धापरीक्षेस बसणाऱ्या मुलांकरिता घरगुती डबे करतो. आणि प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न येतो. म्हणून आम्ही या विषयाची थोडी मागची हकीकत पाहिली. ती वाचकांपुढे ठेवून शेवटी आमच्या घरी काय ठरले तेही सांगणार आहोत.

पेशवाईतील दारूबंदी

अपेयपानाचा निषेध पुण्यास नवा नाही. धर्मशास्त्राने सुरापानाची गणना पंचमहापातकांत केली आहे आणि पेशवे सरकारने हा निषेध आपल्या राज्यात हुकमांनी अमलातही आणला होता. पेशव्यांच्या रोजनिश्यांचा अभ्यास करून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली जो निबंध लिहिला, त्यात या दारूबंदीची हकीकत आली आहे. तीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या मुलुखात ही बंदी लोकांस फार जाचक होऊ लागली, तेव्हा भंडारी, कोळी इत्यादी ज्या समाजांस मद्याची पिढीजात सवय होती त्यांस सरकारने सवलत दिली. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी कामदार यांस मात्र सक्त मनाई कायम ठेवली.

म्हणजे नियम कडक होता तो नियम करणाऱ्यांच्या स्वतःच्या वर्गास, आणि सैल होता तो इतरांस. आजच्या न्यायबुद्धीस जातिपरत्वे वेगळे नियम पटणार नाहीत, आणि पटूही नयेत. परंतु त्यामागे जो एक विवेक आहे, की आपले व्रत आपण कडकपणे पाळावे आणि दुसऱ्यावर ते लादताना त्याच्या सवयीचा व उपजीविकेचा विचार करावा, तो अजूनही शिळा झालेला नाही.

चहाच्या पेल्यातील ग्रामण्य

मद्यमांसाची गोष्ट एकवेळ बाजूस ठेवली, तरी नुसत्या चहाने या शहरात केवढे वादळ उठविले होते ते जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातील बरीच प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेली. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. व्याख्यान संपल्यावर मिशनऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी चहा व बिस्किटे पुढे केली. काहींनी ती घेतली, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रातून छापविली आणि गावात एकच कल्लोळ झाला. त्या यादीत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, ग्रामण्य सुरू झाले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोलही सोसले.

या प्रकरणाचे आज हसू येते. परंतु ज्या घरांवर बहिष्कार पडला, ज्यांच्याकडे श्राद्धास ब्राह्मण मिळेनात, लेकींच्या सासरी ज्यांस खाली मान घालावी लागली, त्यांस ते हसण्यासारखे नव्हते. तो तंटा मुळी चहाविषयी नव्हताच. चहा त्या वेळी पुण्यातील किती तरी सोवळ्या घरांत होत होता. तंटा होता तो चहा कोणाच्या हातचा, कोणाच्या घरचा आणि कोणाच्या पंक्तीस घेतला याविषयी. ताटात काय आहे यापेक्षा ताट वाढणारा कोण आहे, यावर बोट ठेवणारा तो नियम होता. आमच्या पाटीवरची पहिली ओळ याच कुळातली. मधली ओळ त्या कुळातली आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

नदीच्या दोन तीरांवर

पुण्याची वस्ती पाहिली म्हणजे खाण्यापिण्याच्या नियमांचा नकाशाच पुढे उभा राहतो. पश्चिमेकडील पेठांतून खाणावळी व भोजनगृहे. पूर्वेकडे, पेशवाई बुडाल्यावर वसलेले लष्कर. लष्करात गोऱ्या पलटणी आल्या, त्यांच्यामागोमाग पारशी, इराणी, गोवेकर, बोहरी असे नाना धंद्यांचे लोक आले. दोराबजींचे पारशी पद्धतीचे भोजनगृह लष्करात निघाले ते १८७८ साली. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला तोही त्याच साली. पेठेतील मनुष्य लष्करात जाऊन काय खातो हे पेठेस ठाऊक असे. पण ते पेठेत आणीत नाही तोवर त्याची वाच्यता होत नसे. तो एक न लिहिलेला तह होता. त्याने घरातली शांतता राखली हे खरे, तसेच काही प्रमाणात ढोंगही राखले हेही तितकेच खरे.

पुढे महाविद्यालये वाढली, गावोगावचे विद्यार्थी पुण्यास येऊ लागले, आणि वार लावून जेवण्याची चाल मागे पडून खाणावळींचा धंदा भरभराटीस आला. टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग हाऊस हे त्याच काळातले. १९३५ साल तर या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावर, मूकपटांचे नामांकित दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी पूना गेस्ट हाऊस काढले. सिनेमा व नाटकांतील मंडळींचा तेथे सदैव राबता. परंतु ताटात थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, आळूची भाजी असे घरचे शाकाहारी जेवण. त्याच वर्षी मुठेच्या पलीकडे डेक्कन जिमखान्याजवळ इराण्याचे ‘गुडलक’ उघडले; तेथे बनमस्का आणि चहा, आणि जोडीस आम्लेट व खिमा. एका शहरात एकाच साली दोन उपाहारगृहे निघाली. एकाने मांस ठेवले नाही, दुसऱ्याने ठेवले. दोन्ही चालली, आणि दोन्हींत एकच गिऱ्हाईक सकाळ-संध्याकाळ दिसू लागले. लकडी पूल ओलांडला की नियम बदलतो हे ज्याला त्याला माहीत होते आणि कोणाचे काही अडत नव्हते.

याचे कारण आमच्या मते असे की, हे नियम घराण्याघराण्यांनी आपापल्या स्वयंपाकघरापुरते केले होते. सरपोतदारांनी गुडलकचे आम्लेट बंद करावे असे म्हटले नाही आणि गुडलकवाल्यांनी पेठेतील खाणावळीस मागासलेले ठरविले नाही. नियम उंबरठ्याच्या आत राहिला म्हणून तो भांडणाचे कारण झाला नाही.

कायदा पुढे येतो तेव्हा

मद्याच्या बाबतीत नियम उंबरठ्यापाशी थांबला नाही, आणि त्यास सबळ कारणही होते. दारू पिणारा एकटा पितो, पण तिचे फळ त्याच्या बायकामुलांस भोगावे लागते. १९०८ च्या वसंतात पुण्यात मद्यपाननिषेधाची चळवळ उठली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे नेमस्त आणि टिळकांसारखे जहाल या एका प्रश्नावर एकत्र आले, आणि स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांस हात जोडून परत फिरवू लागले. सरकारने तो उपक्रम बंद पाडला. कारण अबकारीचे उत्पन्न सरकारास हवे होते. नंतर काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पुढील वर्षी सर्व इलाखा कोरडा ठरला. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी त्यास आव्हान दिले, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनी द्रव्यांविषयीचा भाग वगळून कायद्याचा मुख्य गाभा कायम केला. १९६० नंतरच्या दशकात बंधने सैल होत गेली. तथापि तो कायदा, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे मद्य पिणाऱ्यास परवाना लागतो. ही गोष्ट हॉटेलात पेला उचलणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे!

याच कायद्याच्या आधारे गांधीजयंती, आषाढी एकादशी आणि गणेशविसर्जन अशा दिवशी मद्यविक्री बंद राहते. पुण्यास अनंतचतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, तेव्हा ही बंदी किती आवश्यक आहे हे लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्यांस सांगावयास नको. शिवाय आमच्या राज्यात एक फार चांगली सोय आहे. गावातील किंवा प्रभागातील स्त्रिया मतदानाने दारूचे दुकान बंद पाडू शकतात. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ते मतदान प्रसिद्ध आहे. ज्यांस दारूचा जाच होतो त्यांच्याच हाती निर्णय देणारा हा नियम आम्हांस सर्व नियमांत न्याय्य वाटतो.

केवळ वरून हुकूम निघाल्याने काम भागत नाही, याचाही दाखला जवळच आहे. वर्धा जिल्हा १९७५ पासून व गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. गुजरात १९६० पासून कोरडा, पण तेथेही गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतील हॉटेलांस डिसेंबर २०२३ मध्ये सूट मिळाली. म्हणजे पैसा येणारा असला की नियमाची कडी थोडी सैल होते, हे पेशव्यांपासून आजपर्यंत बदललेले नाही. फरक इतकाच की, तेव्हा सवलत गरीब कोळ्यास मिळाली, आता ती परदेशी पेढ्यांच्या मोठ्या कामदारांस मिळते.

मांसाची गोष्ट निराळी

मद्य आणि मांस हे दोन शब्द आपण एका श्वासात उच्चारतो, पण राज्यघटनेने ते एका पंक्तीत बसविलेले नाहीत. कलम ४७ मादक पेयांच्या बंदीविषयी सरकारास मार्ग दाखविते. मांसाहाराविषयी तसे कलम नाही. गाईवासरांचा प्रश्न कलम ४८ चा, तो स्वतंत्र आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक माणसे मांस वा मासे खातात. आपल्यातीलच सारस्वत बंधू मासे खातात आणि त्यांच्या ब्राह्मण्यास बाध येत नाही. प्राचीन काळी मधुपर्कात व श्राद्धात मांस होते हे धर्मशास्त्राचे अभ्यासक मोकळेपणाने सांगतात. तेव्हा ‘आम्ही खात नाही’ हे आपण अभिमानाने म्हणावे. ‘खाणारा तो हीन’ असे म्हणण्यास मात्र ना शास्त्राचा आधार आहे, ना इतिहासाचा.

न्यायालयांनीही या प्रश्नात मध्यम मार्ग शोधला आहे. हृषीकेश येथे मांस, मासे व अंडी यांच्या विक्रीवर नगरपालिकेने घातलेली बंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. कारण ते यात्रेकरूंचे गाव, आणि तेथील बहुतेक वस्ती शाकाहारी. पर्युषणात अहमदाबादचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णयही २००८ साली न्यायालयाने मान्य केला. मात्र तो मान्य करताना, मनुष्याने काय खावे हा त्याचा खासगी प्रश्न आहे हेही स्पष्ट केले आणि बंदी अल्पकाळाची आहे यावर भर दिला. मुंबईत २०१५ साली पर्युषणातील मांसविक्रीच्या बंदीस उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तर राज्यभर गदारोळ झाला. स्वातंत्र्याच्या दिवशी ताटावर बंधन का, हा प्रश्न लोकांनी विचारला तो आम्हांस गैर वाटत नाही.

याच्या उलट एक चित्र पाहा. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. तेव्हा पंढरपूर व महाराष्ट्रातील इतर कित्येक गावांतील मुसलमान बांधवांनी आपण होऊन ठरविले की, कुर्बानी त्या दिवशी न करता पुढे करावी. कोणी हुकूम काढला नाही, कोणी पाटी लावली नाही. शेजाऱ्याच्या उपवासाचा मान शेजाऱ्याने राखला. शेकडो हुकमांनी जे साधत नाही ते अशा एका निर्णयाने साधते.

परदेशातील दाखले

निर्मद्य निवासगृहे ही केवळ आपल्याकडचीच कल्पना आहे असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मद्यपाननिषेधक मंडळ्यांनी अशी हॉटेले गावोगाव काढली होती. आज ज्याचे नाव जगभरच्या प्रवासाशी जोडले गेले आहे त्या टॉमस कुकने पहिली सहल नेली ती ५ जुलै १८४१ रोजी, लेस्टर येथून लफबरो येथे भरलेल्या मद्यनिषेधाच्या सभेस. पुढे लेस्टर येथे त्याच्या कुटुंबाने निर्मद्य हॉटेलही चालविले. दमलेल्या प्रवाशास गुत्त्याखेरीज दुसरा आसरा असावा हा त्या हॉटेलांचा हेतू. पलीकडच्या गुत्त्यात जाणाऱ्यास तेथे कोणी अडवीत नसे.

गांधीजींचे उदाहरण तर याहून जवळचे. १८८८ साली विलायतेस निघताना त्यांनी आईपुढे मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेतली. लंडनात आरंभी त्यांची अक्षरशः उपासमार झाली. तेथील यजमानांनी त्यांच्याकरिता आपले स्वयंपाकघर बदलले नाही आणि गांधीजींनीही तसा आग्रह धरला नाही. ते पायी हिंडून फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी भोजनगृह शोधून काढीपर्यंत पाव आणि भाजीवर राहिले. व्रत ज्याचे, कष्ट त्याचे. व्रताचे तेज त्यातच असते. इतरांस कष्ट देऊन पाळलेल्या व्रतास तेवढे तेज राहात नाही.

एका विद्यार्थ्याची हकीकत

आता आमच्या पाटीकडे परत येतो. ती निघाली त्या रात्री वडिलांनी एक गोष्ट सांगितली. ती आम्ही पूर्वी कधीच ऐकली नव्हती. त्यांच्या लहानपणी खाणावळीत कोकणातला एक विद्यार्थी होता. हुशार, गरीब, मितभाषी. त्यास ताप राहू लागला. डॉक्टरांनी क्षयाची शंका घेतली आणि रोज दोन अंडी खावयास सांगितली. तो आजोबांकडे विचारावयास आला. आजोबांनी तोंडाने नाही म्हटले नाही. त्यांनी नुसते पाटीकडे बोट दाखविले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोर ट्रंक उचलून निघून गेला. पुढे त्याचे काय झाले हे कोणास कळले नाही. आजीने मात्र त्यानंतर परसात, हौदाच्या पलीकडे, एक वेगळी शेगडी व एक पितळी भांडे ठेवून दिले. ते भांडे कोणासाठी आहे हे ती सांगत नसे. आजोबांनी ते पाहिले आणि जन्मभर त्याविषयी एक शब्दही काढला नाही. पाटी त्यांनीच एके दिवशी उतरवून माळ्यावर टाकली, असे वडील म्हणाले.

आजोबा दुष्ट नव्हते. किती तरी विद्यार्थ्यांस त्यांनी पैसे न घेता जेवू घातले. त्यांची चूक एवढीच झाली की, नियम कशासाठी केला हे त्या सकाळी ते विसरले. घराचे सात्त्विक वळण राहावे म्हणून केलेला नियम त्यांनी आजारी मुलाच्या आड येऊ दिला.

मग नियम असावा की नसावा?

आमच्या मते असावा. परंतु त्यास काही कसोट्या लावाव्या. पहिली, नियम वस्तूवर असावा, माणसावर नसावा. ‘येथे मांस शिजत नाही’ हे घरमालकाने म्हणावे. ‘मांस खाणाऱ्याने येथे येऊ नये’ असे म्हणू नये. राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून हॉटेले, भोजनगृहे व दुकाने यांत कोणास मज्जाव करण्यास मनाई केली आहे, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तसा मज्जाव शिक्षेस पात्र ठरविला आहे. आमच्या पाटीची पहिली ओळ आता केवळ अशोभनीयच नव्हे, बेकायदाही आहे. पण कायद्यास चुकविणाऱ्या पळवाटाही असतात. आडनाव विचारून खोली ‘भरलेली’ होते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. शाकाहाराचा नियम जातीच्या चौकशीचा बुरखा होत असेल, तर तो नियम पवित्र राहात नाही.

दुसरी कसोटी अशी की, नियम आधी सांगितलेला असावा. रात्री दहा वाजता मुलाबाळांसह दारी आलेल्या प्रवाशास तो प्रथम कळता कामा नये. तिसरी, आजारी माणूस, तान्हे मूल आणि बाळंतीण यांच्यापुढे नियमाने मान वाकवावी. चौथी, नियमाची भाषा दुसऱ्यास कमी लेखणारी नसावी. ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द आपल्या जिभेवर इतका बसला आहे की, शाकाहार शुद्ध तर दुसरा आहार अशुद्ध, असे आपण नकळत म्हणून जातो हे ध्यानातही येत नाही. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने शाकाहारी जेवण पोचविण्याकरिता हिरव्या गणवेशाची वेगळी माणसे नेमण्याचे जाहीर केले. तेव्हा अनेक वस्त्यांत तांबड्या गणवेशाच्या पोरांस दारात येऊ देणार नाहीत अशी भीती लोकांनी व्यक्त केली आणि कंपनीस तो वेगळा गणवेश लगोलग मागे घ्यावा लागला. शिवाय ज्या बाईच्या हातची पोळी आपण ‘शुद्ध’ म्हणून खातो, तिच्या घरी रविवारी बोंबील शिजत असतो. तिच्या हातच्या पोळीस त्याने उणेपणा येत नाही हे आपण जाणतो. मग पाहुण्याच्याच बाबतीत त्याचा विसर का पडावा?

तिसऱ्या ओळीविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ती ओळ वाचताना घरातल्या मुली एकमेकींकडे पाहात होत्या, आणि तेवढे पुरेसे होते.

आमच्या घरी काय ठरले

दोन-तीन रात्री चर्चा होऊन अखेर पाटीचा मजकूर थोरल्या वहिनींनीच सांगितला आणि धाकट्या सूनबाईंनी लिहून घेतला. तो असा : ‘सर्वांचे स्वागत आहे. या घरात मद्यपान होत नाही व स्वयंपाक शाकाहारी असतो; पाहुण्यांनी चौकात व खोल्यांत त्याचा मान राखावा. आजारी माणसाच्या पथ्याची सोय केली जाईल.’ पुतण्यास हे पूर्ण पटले असे नाही. त्याचे म्हणणे, खोलीच्या दाराआड पाहुणा काय खातो हे विचारण्याचा अधिकार आपल्यास नाही. वहिनींनी त्यास उत्तर दिले, “मी विचारणार नाही. पण मी विनंती करणार, आणि माझी विनंती ऐकायची की नाही हे तो ठरवील.” मद्याविषयी मात्र त्या विनंतीवर थांबल्या नाहीत. तेथे त्यांचा शब्द अखेरचा राहिला, आणि घरातील कोणा पुरुषाने त्यास हरकत घेतली नाही.

सूनबाईंचे आईवडील पुढल्या महिन्यात आले. त्यांच्यासाठी कोणी मासे आणले नाहीत आणि त्यांनीही ते मागितले नाहीत. परंतु निघताना सूनबाईंच्या आईने वहिनींस सोलकढी करावयास शिकविली, आणि आता आमच्याकडे दर शनिवारी ती होते.

परसातले ते पितळी भांडे अद्याप आहे. माळा साफ करताना तेही निघाले. वहिनींनी ते चिंचेने घासून लख्ख केले व नव्या खोल्यांजवळच्या फडताळात ठेवून दिले. जुनी पाटी फेकून द्यावी असे पुतण्याचे मत होते. पण वडिलांनी ती पुन्हा माळ्यावर ठेवावयास सांगितली. पुढे कोणाच्या हाती ती लागली, म्हणजे तिच्यावरची प्रत्येक ओळ एके काळी आपल्याच माणसांनी लिहिली होती हे त्यास कळेल, आणि स्वतःची पाटी लिहिताना तो अधिक विचार करील, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्हांसही ते योग्य वाटले.